एका मिश्रणाची चव

‘बोर्डो’ हे नाव आमच्या तालुक्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. एका पिंपात मोरचूद विरघळवायचे, दुसऱ्यात चुना विरवायचा, मग दोन्ही एकत्र ओतून ते आकाशी रंगाचे पाणी द्राक्षबागेवर फवारायचे. फवारण्यापूर्वी त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा, नाही चढला तर औषध जमले. याला ‘बोर्डो मिश्रण’ म्हणतात. ढगाळ, ओल्या हवेत पानांवर केवडा पडू नये म्हणून ते मारायचे. कोकणात सुपारीला आणि विदर्भात संत्र्यालाही तेच चालते. परंतु बोर्डो हे फ्रान्समधील एका शहराचे नाव आहे आणि त्या शहराच्या नावाने ओळखले जाणारे दुसरे एक मिश्रण जगात याहूनही प्रसिद्ध आहे, हे आमच्याकडे फारसे कोणाच्या कानावर नसते. ते मिश्रण म्हणजे तेथील लाल वाइन. तिची चव कशी असते आणि तशीच का असते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

विषय वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. आमच्या घरात आजोबांपासून तुळशीची माळ आहे आणि हातभट्टीपायी मोडलेले संसार मी आमच्याच आळीत पाहिले आहेत. मद्यपानाची भलावण करणे हा माझा हेतू नाही. मी स्वतः ही वाइन कधी चाखलेली नाही. परंतु एखाद्या पेयाची चव केवळ जिभेवर तयार होत नाही. ती जमिनीत, पावसात, मण्याच्या सालीत, पिंपाच्या लाकडात आणि शेतकऱ्याच्या हिशेबात तयार होते. आणि एवढे सगळे भूगोलाच्या विद्यार्थिनीला बाटली न उघडताही समजून घेता येते. ते समजून घेताना माझ्या लक्षात आले, की जगातले धनिक ज्या चवीसाठी वाटेल ती किंमत मोजतात, ती मुळात आभाळाचा भरवसा नसलेल्या शेतकऱ्यांनी केलेल्या तजविजीतून आलेली आहे.

बोर्डो शहर फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, गारोन नदीच्या काठी वसले आहे. अक्षांश सुमारे ४५ अंश उत्तर, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या जवळजवळ मधोमध. शहर ओलांडून थोडे खाली गेले की दोर्दोन्य ही दुसरी नदी गारोनला मिळते आणि दोघींची मिळून जिरोंद नावाची रुंद खाडी होते; ती अटलांटिक महासागराला जाऊन मिळते. दोन नद्यांमधल्या प्रदेशाला तेथील लोक ‘दोन समुद्रांच्या मधला’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आपण सरळ दुआब म्हणू. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले तर डाव्या हाताला मेदोक आणि ग्राव्ह हे प्रदेश येतात आणि उजव्या हाताला सेंत एमिलियों व पोमरोल. वाइनच्या चवीच्या दृष्टीने हा डावा-उजवा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण जमीन बदलते.

डाव्या काठावर खडे आहेत. नद्यांनी पिरेनीज पर्वतातून आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून हजारो वर्षे वाहून आणलेले गोटे आणि रेती तेथे थरांनी साचली आहे. मेदोकचा बराचसा भाग एके काळी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर काढून पाणी काढून दिले, तेव्हा या खड्यांच्या टेकाडांना किंमत आली. अशी जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि उन्हाने लवकर तापते. उजव्या काठावर चिकणमाती आणि चुनखडी आहे. ती थंड राहते, ओल धरते. आपल्याकडे मुरमाड रान आणि काळे रान यांत जो फरक शेतकरी पायाने ओळखतो, तसाच हा फरक समजावा. काबर्ने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात तापणाऱ्या खड्यांवर लावतात आणि मर्लो ही लवकर पिकणारी जात थंड चिकणमातीवर. म्हणून डाव्या काठाच्या वाइनमध्ये काबर्नेचा वरचष्मा असतो, उजव्या काठाच्या वाइनमध्ये मर्लोचा.

आता तेथील हंगाम पाहू. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळ छाटणी, आणि माल उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. बोर्डोत थंडीत वेल झोपतो आणि छाटणी तेव्हाच उरकते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरून रंग चढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी. समुद्र जवळ असल्यामुळे पावसाला तेथे ठरावीक महिने नाहीत; तो वर्षभर थोडा थोडा येतच राहतो. एप्रिलमध्ये हिमतुषार पडले तर कोवळी फूट जळते. जूनमध्ये पाऊस लागला तर फुलगळ होते, आणि मर्लोला हा त्रास अधिक. सप्टेंबरअखेर पाऊस लागला तर घड कुजतात. मर्लोची साल पातळ, म्हणून कुजण्याची भीतीही तिलाच जास्त. पण ती काबर्नेच्या एक-दोन आठवडे आधी पिकते, तेव्हा पुष्कळदा पाऊस येण्यापूर्वी घरात येऊन पडते. उलट काबर्नेला फूट उशिरा येते म्हणून एप्रिलच्या गारठ्यातून ती वाचते, पण ऑक्टोबर लवकर भिजला तर कच्चीच तोडावी लागते.

आमच्या भागात ज्वारीच्या रानात मधून मधून तुरीचे तास टाकतात. पाऊस लवकर उघडला तर ज्वारी रुसते, पण तूर तग धरते. ज्वारीला मानवले तर दोन्ही घरात येतात. बोर्डोच्या शेतकऱ्याने एकाच मळ्यात तीन-चार जाती लावल्या त्या याच बुद्धीने. मर्लो गेली तर काबर्ने आहे, काबर्ने कच्ची राहिली तर मर्लो आहे. पिंपात जे येईल ते त्या वर्षी जे वाचले त्याचे मिश्रण. पुढे पिढ्यान्‌पिढ्या चाखून लोकांच्या ध्यानात आले, की सगळ्या जाती साधल्या त्या वर्षीही हे मिश्रण एकट्या जातीपेक्षा सरस लागते. सोय आधी, रस नंतर. वाइनवरच्या पुस्तकांत या गोष्टीचा क्रम बहुधा उलटा सांगतात. एखाद्या कलावंताने रंग मिसळावेत तसे हे मिश्रण सुचले असावे, असा वाचकाचा समज होतो. मला तो पटत नाही.

संकटांनी या चवीची घडण किती केली आहे याची दोन उदाहरणे देते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या बारीक किडीने फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तेथील रानटी वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच जातींची कलमे बांधायची. आज आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकन वेलीचाच. पण त्या अमेरिकन वेलींबरोबर केवडा रोगही युरोपात शिरला. मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची रीत होती. निळसर डागाळलेली द्राक्षे पाहून जाणारे-येणारे हात लावणार नाहीत, एवढाच हेतू. १८८२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना दिसले, की बाकी मळ्याची पाने गळाली आहेत आणि रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत आहेत. प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी हे औषध जाहीर केले. चोरांसाठी केलेली युक्ती रोगावर लागू पडली आणि तीच आज आमच्या फवारणी पंपात आहे. या उलथापालथीत कार्मेनेर नावाची एक जुनी जात मात्र बोर्डोतून जवळजवळ नाहीशी झाली. कलमावर ती नीट धरत नव्हती. १९९४ साली ती थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत सापडली. तेथे शेतकरी तिला मर्लो समजून लावत होते!

दुसरे उदाहरण फेब्रुवारी १९५६ चे. आधीचा महिना उबदार गेल्यामुळे वेलींत रस चढू लागला होता आणि अचानक कडाक्याची थंडी पडली. उजव्या काठावरच्या असंख्य वेली मुळासकट मेल्या. नव्याने लागवड करताना शेतकऱ्यांनी माल्बेक ही पूर्वी भरपूर असलेली जात फारशी लावली नाही. मर्लोला पसंती दिली. आज बोर्डोतल्या लाल द्राक्षांच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रात मर्लो आहे. म्हणजे आज ज्याला ‘बोर्डोची खास चव’ म्हणतात तिच्यात त्या एका फेब्रुवारीचाही वाटा आहे.

या जातींचे नातेही मोठे गमतीचे आहे. काबर्ने सोव्हिन्यों ही जगातली सर्वांत नावाजलेली काळी जात. तिचे मूळ कोठले याविषयी नाना तर्क चालत. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी गुणसूत्रांची तपासणी करून दाखवले, की काबर्ने फ्राँ ही काळी जात आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी जात यांचा रानोमाळ कधीतरी संकर झाला आणि ती जन्मली. मर्लोच्या जन्मदात्यांपैकी एक तीच काबर्ने फ्राँ आहे. तेव्हा बाटलीत एकत्र येणाऱ्या या दोघी एकमेकींच्या सावत्र बहिणी, आणि बरेचदा त्याच बाटलीत थोडी आईही असते.

स्वभाव मात्र वेगळे. काबर्ने सोव्हिन्योंचा मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या. गराच्या मानाने साल आणि बी जास्त म्हणून तिची वाइन गडद, ताठ आणि तुरट. मर्लोचा मणी मोठा, साल पातळ, साखर जास्त. तिची वाइन भरीव, मऊ, पिकल्या आलुबुखाऱ्याची आठवण देणारी. जाणकार म्हणतात, की काबर्नेची चव जिभेच्या टोकाशी झडप घालते आणि शेवटी घशाशी रेंगाळते, पण मधे पोकळी राहते. मर्लो ती पोकळी भरून काढते. उलट एकटी मर्लो पुष्कळदा ऐसपैस बसून राहते, तिला कणा काबर्ने देते. काबर्ने फ्राँ सुगंधासाठी. माल्बेक रंगासाठी. पेती व्हेर्दो या जातीच्या नावाचाच अर्थ ‘छोटा हिरवा’ असा आहे, कारण तिचे मणी पुष्कळ वर्षी पिकतच नसत. पण पिकली तर शंभरात दोन-चार भागसुद्धा रंग आणि धार वाढवायला पुरतात. हे नियम अर्थात सर्वत्र सारखे नाहीत. पोमरोलची पेत्र्यूस ही अतिप्रसिद्ध वाइन जवळजवळ निव्वळ मर्लोची असते.

मिश्रण म्हटले की आपल्याकडे आधी भेसळ आठवते. दुधात पाणी, तिखटात विटेची पूड. त्यामुळे शुद्ध ते एकजिनसी आणि मिसळलेले ते हलके, असा आपला ग्रह असतो. पण थालीपीठाची भाजणी आठवून पाहा. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धणे ही सगळी धान्ये एका कढईत एकदम टाकून कोणी भाजत नाही. प्रत्येकाला आच वेगळी, वेळ वेगळा. वेगवेगळी भाजायची आणि दळताना एकत्र करायची. बोर्डोत नेमके हेच करतात. प्रत्येक जात, आणि मोठ्या मळ्यांत तर प्रत्येक जातीचा प्रत्येक तुकडा, वेगळा तोडतात आणि वेगळ्या टाकीत आंबवतात. काळ्या द्राक्षाचा मणी चिमटून पाहिला तर रस जवळजवळ रंगहीन निघतो. रंग सालीत असतो. म्हणून लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवावा लागतो. किण्वामुळे साखरेचे मद्यार्क होते, उष्णता वाढते, साली वर तरंगून जाड थर धरतात आणि तो थर भिजत राहावा म्हणून खालचा रस पुन्हा पुन्हा वर ओततात. त्यानंतर जिवाणूंकडून दुसरा बदल होतो. कच्च्या सफरचंदात असते त्या जातीचे करकरीत आम्ल जाऊन दह्यात असते तसे सौम्य आम्ल येते, आणि वाइनचा आंबटपणा निवतो. तोडणीनंतरच्या हिवाळ्यात, साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये, सगळ्या टाक्यांचे नमुने टेबलावर मांडून कोणाचे किती भाग घ्यायचे ते चाखून ठरवतात. जे बसत नाही ते दुसऱ्या, स्वस्त नावाखाली विकतात. प्रमाण दरवर्षी बदलते, आणि बाटलीवर बहुधा जातीचे नाव नसतेच, गावाचे किंवा मळ्याचे असते.

आता प्रत्यक्ष चवीकडे येते. बोर्डोच्या तरुण लाल वाइनचा पहिला आणि मुख्य गुण गोडी नव्हे. तिच्यात साखर जवळजवळ उरलेलीच नसते. मुख्य गुण तुरटपणा. आपल्या परंपरेत षड्‌रसांत कषाय या रसाला स्वतंत्र स्थान आहे आणि ‘तुरट’ हा शब्द घराघरांत रोजच्या वापरात आहे. आवळा, सुपारी, कच्चे केळे आणि विशेषतः जांभूळ. जांभळे पोटभर खाल्ल्यावर जीभ निळी होते, जड होते, टाळूला चिकटल्यासारखी वाटते. गोड, आंबट आणि तुरट एकाच वेळी. ज्याने जांभळे खाल्ली आहेत त्याला बोर्डोच्या वाइनचा सांगाडा समजावून सांगावा लागणार नाही, असे मला वाटते.

हा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती साल, बी आणि देठ यांत असतात. आपल्या लाळेत काही प्रथिने असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत, ओलसर राहते. टॅनिन या प्रथिनांना पकडून गोळा करते. वंगण नाहीसे होते आणि तोंडाला कोरड पडल्यासारखे होते. म्हणजे आधुनिक शास्त्राच्या मते तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाची संवेदना आहे. बिनदुधाचा कडक चहा तुरट लागतो आणि दूध घातले की तो गुण कमी होतो, कारण टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या प्रथिनांना धरते. याच न्यायाने बोर्डोत ही वाइन मांसाबरोबर आणि चीजबरोबर घेतात. मेदोकमधल्या पोइयाक गावचे कोकराचे मटण तिच्या जोडीला प्रसिद्ध आहे. वाइन नितळ आणि मवाळ करण्यासाठी पिंपात अंड्याचा पांढरा बलक फेटून घालण्याची जुनी रीत आहे, तिथेही तेच कारण. बलक टॅनिनला धरून तळाशी बसतो. उरलेल्या पिवळ्या बलकाचे काय करायचे? बोर्डोत कानले नावाचा एक छोटा, बाहेरून करपवलेला केक मिळतो, तो यातूनच निघाला असे सांगतात. चहात दूध, जेवणात मटण, पिंपात अंडे. तीनही ठिकाणी एकच रसायन काम करते, हे मला या सगळ्या अभ्यासातले सर्वांत आवडलेले.

गंधाविषयी जाणकार जी यादी देतात ती पहिल्यांदा वाचणाऱ्याला थट्टा वाटेल. काळा करंट, आलुबुखारा, व्हायोलेटची फुले, देवदार, तंबाखू, पेन्सिलीचा भुसा! परंतु ती सगळीच पोकळ नाही. काबर्नेच्या मण्यात एक गंधद्रव्य असते. तेच ढोबळी मिरचीला तिचा वास देते. द्राक्षाला ऊन कमी मिळाले किंवा ती कच्ची तोडली तर वाइनला मिरचीचा हिरवट वास उघड येतो. ऊन मिळेल तसे हे द्रव्य कमी होत जाते. त्यामुळे थंड, भिजक्या वर्षाची वाइन आणि २००३ सारख्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्याची वाइन नुसत्या वासावरून वेगळी सांगता येते. पेन्सिलीच्या भुशाचेही आश्चर्य नको. पेन्सिली पूर्वापार देवदाराच्या जातीच्या लाकडापासून करतात, आणि पाटी सोडून पेन्सिल हातात आलेल्या प्रत्येक मुलाला तो वास माहीत असतो. बाकी, वर्णन करणारा आपल्या परसातले शब्द वापरतो. काळा करंट हे फळ आपण पाहिलेले नसते म्हणून ते वर्णन आपल्याला भारदस्त वाटते, एवढेच. ही वाइन तासगाव-निफाडच्या एखाद्याने वर्णिली असती तर यादीत पहिले नाव जांभळाचे आले असते.

लाकडाचा वाटाही सांगितला पाहिजे. मिश्रण झालेली चांगली वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत सुमारे वर्ष-दीड वर्ष ठेवतात. एका पिंपात ३०० बाटल्या होतात. पिंप बनवताना फळ्या आगीवर शेकतात, त्यातून व्हॅनिलाचा आणि भाजक्या लाकडाचा वास उतरतो. लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी मुंगीच्या पावलांनी आत जाते आणि टॅनिनचे कण एकमेकांना व रंगद्रव्यांना जोडले जाऊन मोठे होतात. जीभ मग त्यांना तितकी बोचरी मानत नाही. बाटलीत हे काम पुढे चालू राहते. उत्तम वर्षाची वाइन वीस-तीस वर्षे टिकते; जांभळा रंग विटकरी होतो, तळाशी गाळ बसतो, फळाचा वास मागे पडतो आणि चामडे, तंबाखू, पावसाळी रानातला पालापाचोळा असे वास वर येतात. साधी वाइन मात्र दोन-चार वर्षांत संपवावी. बोर्डोची म्हणजे जुनी होईल तेवढी चांगली, हा समज खोटा आहे.

या वाइनच्या दरबारी इतिहासात मी फार शिरत नाही. ११५२ साली आक्वितेनच्या एलिनॉरने हेन्रीशी लग्न केले, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि १४५३ पर्यंत हा मुलूख इंग्रजांकडे राहिला. तेव्हापासून इंग्रजांना ही वाइन लागली. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकमधल्या मळ्यांची पाच इयत्तांत प्रतवारी केली गेली. ती केली दलालांनी, आणि बाजारात कोणाला किती भाव मिळतो यावरून! आमच्या मार्केट यार्डातल्या अडत्याने मळ्यांची गुणवत्ता कायमची लिहून ठेवावी तसाच हा प्रकार. गंमत अशी, की ती यादी आजही चालू आहे. १९७३ साली एका मळ्याला दुसऱ्या इयत्तेतून पहिलीत चढवले, हाच काय तो मोठा बदल. उजवा काठ त्या यादीत नाहीच.

त्या यादीत लाल वाइनचे आज ६१ मळे आहेत. बोर्डोत द्राक्ष पिकवणारे शेतकरी हजारो आहेत. त्यांची वाइन लिलावात जात नाही, राजवाड्यातही नाही; ती पिंपाच्या भावाने व्यापाऱ्याला किंवा सहकारी संस्थेला जाते. फ्रान्समध्ये लाल वाइन पिणे वर्षानुवर्षे कमी होत चालले आहे आणि साध्या बोर्डोचा भाव खर्चाला पुरत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये हिमतुषारांनी एका रात्रीत कोवळी फूट जाळली आणि त्या वर्षी उत्पादन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, तेव्हाही भाव लहान शेतकऱ्याच्या मदतीला आला नाही. २०२३ साली तेथे सरकार आणि वाइन-संघटना यांनी मिळून सुमारे ९,५०० हेक्टर बागा उपटण्याची योजना आखली. हेक्टरी ६,००० युरो घ्यायचे आणि वेली काढून टाकायच्या. दोन जातींची, तीन जातींची तजवीज आभाळापुरती होती. बाजारापुढे ती चालत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात ज्यांनी बागेवर कुऱ्हाड चालवली त्यांना हे कळायला फ्रेंच यायची गरज नाही.

आभाळही पूर्वीचे राहिलेले नाही. उन्हाळे तापू लागल्यामुळे मर्लो आता फार लवकर पिकते, साखर चढते, आंबटपणा उतरतो. पूर्वी बारा-साडेबारा टक्के मद्यार्काची असणारी वाइन आता चौदा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून २०२१ साली फ्रान्सच्या नियामक संस्थेने बोर्डोच्या लाल मिश्रणात चार नव्या जातींना परवानगी दिली: पोर्तुगालची तुरिगा नासियोनाल, १९६१ साली संकर करून तयार केलेली मार्सेलान, आरिनार्नोआ, आणि कास्तेत्स ही बोर्डोचीच पण लोक विसरून गेलेली जुनी जात. अट अशी, की शेतकऱ्याने आपल्या लागवडीच्या पाच टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्यांना देऊ नये आणि मिश्रणात त्यांचा भाग दहा टक्क्यांवर जाऊ नये. वेलीला पहिले धरण्याजोगे पीक यायला तीन-चार वर्षे लागतात, तेव्हा त्यांची चव बाटल्यांत आता कुठे उतरू लागली आहे. मेदोकमध्ये काही जण त्यांची वाट न पाहता घरचीच पेती व्हेर्दो वाढवीत आहेत. पूर्वी चार-पाच वर्षांतून एकदा धड पिकणारा तो ‘छोटा हिरवा’ अलीकडे बहुतेक वर्षी काळाभोर होऊन घरात येतो.